मधल्या घराची मिळकत

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकींत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही आपल्यापुढें ठेवणार आहों तो विषय हिशेबाचा आहे. हिशेब म्हटला कीं आपल्यांतले पुष्कळ जण तंबाखू मळायला बाहेर जातात. परंतु आपण हिशेबाला कंटाळलों म्हणूनच सावकार, दलाल आणि कचेरींतले कारकून आपल्या वतीनें हिशेब मांडीत आले, आणि त्यांनीं मांडलेल्या कागदावर आपण आंगठे उठवीत आलों. तेव्हां आज अर्धा तास बसून घ्या.

प्रश्न असा आहे: आपल्या गांवांतील, आपल्या तालुक्यांतील साधारण घराची मिळकत गेल्या दहा, वीस, पन्नास वर्षांत वाढली कीं घटली? पारावर हा प्रश्न टाकला तर दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "पूर्वी सायकल नव्हती, आतां दारोदार मोटारसायकल आहे. कुडाच्या भिंती जाऊन विटांच्या आल्या. मग गरिबी कसली?" दुसरा म्हणतो, "मोटारसायकल हप्त्याची, वीट कर्जाची, आणि सोसायटीची थकबाकी आहे तशीच." दोघेही खोटें बोलत नाहींत, पण दोघेही मोजून बोलत नाहींत. आणि न मोजतां केलेलें गाऱ्हाणें सरकारदरबारीं कोणी ऐकत नाहीं. तेथें आकडा लागतो. आणि आकडा दुसऱ्यानें आणला तर तो बहुधा त्याच्या सोयीचा असतो.

सरासरी व मधलें घर

सरकारी अहवालांत व वर्तमानपत्रांत जो आकडा गाजतो तो बहुतेक सरासरीचा असतो. सरासरी म्हणजे सर्वांची मिळकत एका ढिगांत ओतावी आणि घरांच्या संख्येनें भागावी. ढीग एकच झाल्यामुळें त्यांत कोणाचें पायलीभर आणि कोणाचें खंडीभर, हें दिसेनासें होतें.

समजा, एका वाडीवर अकरा घरें आहेत. त्यांपैकीं दहा घरांची दरमहाची मिळकत ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ११, १२ व १४ हजार रुपये अशी आहे. अकरावें घर बागायतदाराचें. त्याचें खताचें दुकान आहे, मालट्रक आहे, आणि मिळकत ९० हजार आहे. एकूण बेरीज १ लाख ७६ हजार. तिला अकरानें भागा; सरासरी १६ हजार आली. आतां त्या वाडीवर जाऊन पाहा: दहा घरें ह्या सरासरीच्या खालीं आहेत आणि एकच घर तिच्या वर आहे.

दुसरी रीत पाहा. अकराही घरें मिळकतीप्रमाणें लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेंत मांडा आणि बरोबर मधलें, म्हणजे सहावें घर पाहा. पांच घरें त्याच्या खालीं, पांच वर. त्याची मिळकत ९ हजार आहे. गणिती लोक ह्या आकड्याला मध्यक म्हणतात. आपण त्याला मधलें घर म्हणूं. घरें सम संख्येनें असलीं, समजा बारा असलीं, तर मधल्या दोन घरांची बेरीज करून निम्मी करावी. एवढेंच त्याचें शास्त्र. चौथी इयत्ता शिकलेल्या मुलीला तें करतां येईल.

पुढें ऐका. पांच वर्षांनीं बागायतदाराची मिळकत ९० हजारांवरून २ लाख ६६ हजारांवर गेली, आणि बाकीच्या दहा घरांची एक पैसाही वाढली नाहीं. बेरीज ३ लाख ५२ हजार. सरासरी ३२ हजार. म्हणजे वाडीची मिळकत बरोबर दुप्पट झाली असें कोणीही कागदावर लिहूं शकेल, आणि लिहिणारा बेरजेंत चुकला असें म्हणतां येणार नाहीं. मधलें घर मात्र ९ हजारांवरच बसलेलें आहे.

दुप्पट हा शब्द आम्हीं उगीच घेतला नाहीं. २०१६ च्या फेब्रुवारींत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीं २०२२ सालापर्यंत शेतकऱ्यांचें उत्पन्न दुप्पट करण्याचें उद्दिष्ट जाहीर केलें. त्यासाठीं नेमलेल्या अशोक दलवाई यांच्या समितीनें २०१५-१६ हें पायाचें वर्ष मानलें, आणि शेतकरी कुटुंबाचें त्या सालचें वार्षिक उत्पन्न ९६,७०३ रुपये धरलें. हा आकडा सरासरीचा आहे. उद्दिष्ट चांगलें कीं वाईट, हा आजचा वाद नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, वचन साधारण शेतकऱ्याला दिलें असेल तर माप मधल्या घराचें घेतलें पाहिजे. सरासरीनें मोजलेलें वचन एका बागायतदाराच्या जोरावरही पुरें झालेलें दिसूं शकतें.

ही ढिगाची रीत आजची नाहीं. दादाभाई नौरोजींनीं १८६७ ते १८७० च्या सुमाराचा हिशेब करून हिंदी माणसाचें दरसाल दरडोई उत्पन्न २० रुपये काढलें. १९०१ सालीं लॉर्ड कर्झन यांनीं ३० रुपयांचा आकडा पुढें केला. दादाभाईंच्या आकड्यानें देशाचें दारिद्र्य जगापुढें मांडलें, हें मोठें काम झालें. परंतु २० काय आणि ३० काय, दोन्ही आकडे दरडोई सरासरीचे. त्यांत जमीनदार आणि त्याच्या शेतावर खुरपणारी मजूरबाई एकाच ढिगांत पडलीं. मधल्या घरांत चूल दोन वेळां पेटत होती कीं एक वेळ, हें त्यांतून कळत नाहीं.

१८८८ सालीं पुण्यास ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी झाली, तेव्हां जोतीराव फुले शेतकऱ्याच्या साध्या पोषाखांत तेथें गेले. दागदागिन्यांनीं नटलेल्या ह्या मंडळींवरून देशाची परीक्षा करूं नका, खरी प्रजा खेड्यापाड्यांत आहे, अशा अर्थाचें भाषण त्यांनीं राजपुत्रासमोर केलें. रांगेच्या वरच्या टोकाला उभा राहून पाहणाऱ्याला रांगेचा मध्य दिसत नाहीं. त्यासाठीं रांगेंत उतरावें लागतें.

दारोदार केलेला हिशेब

आपल्या दख्खनमध्यें रांगेंत उतरून हिशेब करणाऱ्यांत डॉ. हॅरल्ड मॅन यांचें नांव घेतलें पाहिजे. हे पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल होते. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुण्याजवळचें पिंपळे सौदागर हें गांव घरोघर फिरून तपासलें आणि १९१७ सालीं त्याचा अहवाल छापला. नंतर जातेगांव बुद्रुक हें कोरडवाहू गांव तपासलें. त्याचा अहवाल १९२१ सालीं निघाला. जमिनीचें उत्पन्न किती, लागवडीचा खर्च किती, बाहेरची मजुरी किती, कर्जाचें व्याज किती, आणि त्या घराला आपल्या रीतीप्रमाणें राहायला लागतें किती, असा एकेका घराचा ताळा त्यांनीं मांडला.

मग त्यांनीं घरांचे तीन गट केले. पहिला, निव्वळ जमिनीवर ज्यांचें भागतें असा. दुसरा, जमीन आणि बाहेरचें काम मिळून ज्यांचें भागतें असा. तिसरा, दोन्ही मिळूनही ज्यांचें भागत नाहीं असा. पिंपळे सौदागरांत १०३ घरें होतीं. त्यांपैकीं ८ पहिल्या गटांत, २८ दुसऱ्यांत, आणि ६७ तिसऱ्यांत निघालीं. जातेगांवांत १४७ घरांपैकीं १२५ तिसऱ्या गटांत निघालीं. आतां भागण्या-न भागण्याच्या क्रमानें रांग लावा. १०३ घरांत मधलें घर ५२ वें. खालचीं ६७ घरें तुटींत, म्हणजे मधलें घरही तुटींतच. कोठल्याही सरासरीपेक्षां ही एक गोष्ट गांवची स्थिति अधिक सांगून जाते.

मॅनसाहेबांनीं मागचाही शोध घेतला. पिंपळे सौदागरांत १७७१ सालीं एका खातेदाराची जमीन सरासरी ४० एकर होती. १८१८ सालीं ती साडेसतरा एकरांवर आली, १८२० ते १८४० च्या काळांत १४ एकरांवर, आणि १९१४-१५ सालीं ७ एकरांवर. सरासरी जरी असली तरी एकाच गांवचें, एकाच मापाचें, दीडशें वर्षांचें हें दर्शन असल्यामुळें तें बोलकें आहे. काळाप्रमाणें तुलना करायची तर असें एकच माप हातीं धरून मागेंपुढें जावें लागतें.

पण येथेंच एक मोठा खड्डा आहे. त्याच पिंपळे सौदागरांत आज पिंपरी-चिंचवडच्या महापालिकेचे दिवे आहेत, उंच इमारती आहेत, आणि हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत नोकरी करणारे लोक तेथें राहतात. आज तेथल्या मधल्या घराची मिळकत काढली तर ती १९१७ च्या मानानें फारच मोठी भरेल. परंतु ती त्या १०३ घरांच्या नातवंडांची प्रगति नव्हे. गांवचें नांव तेंच, माणसें निराळीं. ह्याच्या उलटही होतें: गांवांतलीं बरीं मिळवतीं घरें शहरांत गेलीं तर मागें उरलेल्या रांगेचा मध्य खालीं सरकतो, जरी उरलेल्यांपैकीं कोणी गरीब झालेला नसतो. म्हणून दोन सालांचे आकडे शेजारीं मांडण्यापूर्वीं पहिला प्रश्न विचारावा: हीं तींच घरें आहेत काय?

तुलनेपूर्वीं तपासण्याच्या गोष्टी

पहिली गोष्ट घराची. घर म्हणजे एक चूल. तीन भाऊ एकत्र असतांना घराची मिळकत ३० हजार होती. वांटण्या झाल्या आणि १० हजारांचीं तीन घरें झालीं. कोणाचीही भाकरी कमी झाली नाहीं, पण रांगेंत तीं तीन घरें खालीं गेलीं. म्हणून घराच्या मिळकतीबरोबर खाणारीं माणसें किती, हेंही लिहावें.

दुसरी गोष्ट मिळकतीची. पुष्कळ जण आडत्याच्या पट्टीवरचा आकडा हीच मिळकत समजतात. कांदा विकून ८० हजार आले म्हणून ८० हजार मिळाले, असें होत नाहीं. त्यांतून बियाणें, खत, औषध, मजुरी, ट्रॅक्टरचें भाडें, गाडीभाडें, हमाली व तोलाई वजा करा. उरेल ती मिळकत. कारागिरानेंही तसेंच करावें: लोहारानें लोखंड, कोळसा व वीज, कुंभारानें माती व सरपण, सुतारानें लांकूड वजा टाकावें. उलट घरीं खाल्लेली ज्वारी, घरांतच प्यालेलें दूध, मजुरीबद्दल मिळालेलें धान्य हीं मिळकतींत धरलींच पाहिजेत, कारण तीं विकत घ्यावीं लागलीं असतीं. बायकांनीं शेळ्याकोंबड्यांवर, शिवणावर, खुरपणीवर मिळविलेला पैसा घरधनी सांगायला विसरतो; तो त्या माउलीलाच विचारावा. आणि कर्ज काढलेलें, जमीन विकलेली, दागिना मोडलेला, हा पैसा मिळकत नव्हे. घर बुडत असतांनाही तो हातांत खुळखुळतो.

तिसरी गोष्ट सालाची. शेतीची मिळकत पावसावर नाचते. सरकारच्या नमुना पाहणीनें शेतकरी कुटुंबांची मिळकत २०१२-१३ सालीं व पुन्हां २०१८-१९ सालीं विचारली. महाराष्ट्रांत हीं दोन्ही सालें दुष्काळाचीं होतीं. २०१८ च्या आक्टोबरअखेर तर सरकारनें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. आतां कोणी दुष्काळाचें साल घेऊन त्याला सुकाळाचें साल जोडलें तर प्रगतीचा देखावा होईल, आणि उलट जोडलें तर नाशाचा. म्हणून एका सालावर भिस्त ठेवूं नये. तीन किंवा पांच सालांचा हिशेब एकत्र पाहावा.

चौथी गोष्ट महागाईची. त्याच पाहणीप्रमाणें देशांतील शेतकरी कुटुंबाची दरमहा सरासरी मिळकत २००२-०३ सालीं २,११५ रुपये, २०१२-१३ सालीं ६,४२६ रुपये, आणि २०१८-१९ सालीं १०,२१८ रुपये होती. शेवटच्या सहा वर्षांत रुपयांची वाढ शेंकडा ५९ दिसते. पण त्याच काळांत तेल, डाळ, कापड, डॉक्टर, शाळा ह्या सर्वांचे दर चढले. महागाई वजा केली कीं ती वाढ निम्म्याहूनही कमी उरते. रुपये मोजूं नयेत. त्या रुपयांत काय घरीं येतें तें मोजावें. ज्याला बाजारभावाचे निर्देशांक हातीं नसतील त्यानें मिळकत ज्वारीच्या पायल्यांत आणि मजुरीच्या दिवसांत करून पाहावी. अंदाज बरा लागतो.

पांचवी गोष्ट व्याख्येची. २००२-०३ च्या पाहणींत शेतकरी कुटुंब म्हणवून घेण्यास थोडी तरी जमीन लागे. २०१२-१३ सालीं ती अट गेली, आणि वर्षाला ३ हजारांहून अधिक किमतीचा शेतमाल काढणारें घर तें शेतकऱ्याचें, असें ठरलें. २०१८-१९ सालीं ही रक्कम ४ हजार झाली. रांगेंत कोणाला उभें करायचें तेंच बदललें म्हणजे रांगेचा मध्यही बदलतो. आकडे शेजारीं मांडतांना हें सांगितलें पाहिजे. न सांगणारा अर्धेंच खरें सांगतो.

ह्याच आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. २००२-०३ सालीं २,११५ रुपयांपैकीं पिकाचे ९६९ रुपये होते आणि मजुरी-पगाराचे ८१९. २०१८-१९ सालीं १०,२१८ पैकीं पिकाचे ३,७९८ आणि मजुरी-पगाराचे ४,०६३ झाले. म्हणजे पिकाचा वांटा शेंकडा ४६ वरून ३७ वर उतरला, आणि शेतकरी म्हणविणाऱ्या घराला शेतापेक्षां दुसऱ्याच्या कामावरून अधिक मिळूं लागलें. शंभर वर्षांपूर्वीं मॅनसाहेबांनीं ज्यांना दुसऱ्या गटांत घातलें, तेंच जिणें आज देशांतल्या शेतकरी घराचें साधारण जिणें झालें आहे. हें समजलें म्हणजे पिकाच्या भावाबरोबर मजुरीच्या दराचीही चौकशी का करावी, हें सांगावें लागत नाहीं.

तालुक्याचा आकडा का मिळत नाहीं

आतां तुम्ही म्हणाल, एवढें सर्व खरें, पण आमच्या तालुक्याच्या मधल्या घराचा आकडा सरकारकडून का मागूं नये? जरूर मागावा. पण तो आज का निघूं शकत नाहीं तें समजून घ्या. २०१८-१९ च्या पाहणींत सबंध देशांतून सुमारें ४५ हजार शेतकरी घरें विचारलीं गेलीं. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें देशांत तालुके, तहसिली वगैरे मिळून सुमारें ५,९०० होतात. भागून पाहा: एका तालुक्याच्या वांट्याला सात-आठ घरें येतात. सात-आठ घरांवरून तालुक्याचा मध्य सांगणें म्हणजे चार कणसें हातांत घेऊन शिवाराची आणेवारी ठरविणें होय. राज्याचा आकडा ह्या पाहणींतून निघतो. तालुक्याचा निघत नाहीं.

हें अशक्य आहे म्हणून नव्हे. अमेरिकेंत राज्याच्या पोटांत कौंटी नांवाचे मुलखी विभाग असतात. ते तीन हजारांवर आहेत. प्रत्येक कौंटींतल्या मधल्या घराची मिळकत तेथील शिरगणती खातें दरसाल छापतें. २००० सालापर्यंत दहा वर्षांनीं एकदां, सुमारें सहा घरांमागें एका घराला लांब प्रश्नावली जाई. २००५ पासून दरसाल थोडीं थोडीं घरें विचारतात. आणि लहान कौंटींत एका वर्षाचीं घरें पुरत नाहींत म्हणून पांच वर्षांचीं उत्तरें एकत्र करून, जुने डॉलर महागाईप्रमाणें नव्या भावांत बदलून, मग मध्य काढतात. शिवाय करखात्याच्या नोंदी व अन्नसाहाय्य घेणाऱ्यांची संख्या यांवरून निराळा अंदाज बांधून दुसरा ताळाही ठेवतात.

केंटकी राज्यांतली औस्ली ही डोंगराळ आणि फार गरीब कौंटी. २०२० च्या शिरगणतींत तिची लोकसंख्या ४,०५१ होती; आपल्याकडे हें एक मोठें गांव झालें. एवढ्या वस्तीचाही मध्य निघतो. पण त्या आकड्याशेजारीं तो किती इकडेतिकडे चुकूं शकतो, ही मर्यादाही छापलेली असते. दोन आकड्यांतला फरक त्या मर्यादेच्या आंत असेल तर मिळकत वाढली किंवा घटली असें शहाणा मनुष्य म्हणत नाहीं. तसेंच २०१५ ते २०१९ आणि २०१६ ते २०२० हे दोन एकत्र आकडे तो शेजारीं ठेवीत नाहीं, कारण त्यांत चार सालें सामाईक आहेत; २०१० ते २०१४ च्या शेजारीं २०१५ ते २०१९ ठेवतो. श्रीमंत देशांतल्या गरीब वस्तीला हा मान मिळतो. आपल्या तालुक्यानेंही तो मागावा, ह्यांत अवास्तव कांहीं नाहीं.

गांवानें काय करावें

मागणी करीत बसूं आणि तोंवर हात बांधून राहूं, असें मात्र नको. गांवाची मोजणी गांवाला करतां येते. आम्ही रीत सांगतों.

गांवांत ४०० घरें आहेत असें धरा. सर्व घरांची यादी करा. गांवठाण, वाड्या, वस्त्या, गावकुसाबाहेरचीं घरें, विधवेची एकटीची झोपडी, सर्व त्या यादींत आलीं पाहिजेत. यादी पाटलाच्या वाड्यापासून सुरू होऊन देवळापाशीं संपली तर मोजणी जन्मतःच खोटी ठरेल. पहिल्या चार घरांतून एक चिठ्ठीनें उचला, आणि तेथून दर चौथें घर घ्या. शंभर घरें झालीं. चिठ्ठी एवढ्यासाठीं कीं मोजणाऱ्याला आपल्या ओळखीचीं घरें निवडतां येऊं नयेत.

वेळ नीट निवडा. बीड जिल्ह्यांतल्या कितीतरी गांवांतून ऊसतोडीचीं कुटुंबें दिवाळीनंतर कारखान्यांवर जातात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात. पौषांत मोजणी केली तर त्यांच्या दारांना कुलपें असतील, रांगेचा खालचा भाग गळून पडेल, आणि गांव उगीच श्रीमंत दिसेल. म्हणून सर्व घरें गांवांत असतांना मोजावें, आणि दोन खेपांनीं मोजावें: एकदां खरिपाचा माल विकल्यावर, एकदां रब्बीचा विकल्यावर.

लोक खरें सांगतील काय? ही शंका रास्त आहे. शिधापत्रिका जाईल, मुलाच्या शिष्यवृत्तीचा दाखला अडेल, ह्या भीतीनें माणूस मिळकत लपवितो. आणि सोयरीक जुळवायची असली कीं तोच माणूस ती फुगवितो. ह्याला दोन उपाय आहेत. एक, कागदावर नांव लिहूं नये. फक्त अंक घालावा, आणि अंकांची यादी गांवानें निवडलेल्या दोन विश्वासाच्या माणसांपाशीं ठेवावी. त्यांत एक बाई असावी. दुसरा, "तुमची मिळकत किती?" असें एकदम विचारूं नये. किती क्विंटल विकलें, काय भावानें विकलें, कामावर किती दिवस गेलां, दूध किती घातलें, असें तुकड्या-तुकड्यानें विचारावें आणि बेरीज आपण करावी.

तरीही कोणी आंकडा सांगेना, तर पायऱ्या कराव्या: ५ हजारांच्या आंत, ५ ते १०, १० ते २०, त्यापुढें. पायऱ्यांवरूनही मध्य कळतो. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जात गणनेंत ग्रामीण घरांतील सर्वांत अधिक मिळविणाऱ्या माणसाची मिळकत अशाच पायऱ्यांनीं विचारली होती. शेंकडा ७४ हून अधिक घरांत ती दरमहा ५ हजारांच्या आंत निघाली. शंभर घरांच्या रांगेंत मधलें घर पन्नासावें. चौऱ्याहत्तर घरें पहिल्याच पायरीवर. तेव्हां मधल्या घराचा मुख्य मिळविता माणूस ५ हजारांच्या आंतच होता, हें एका ओळींत सिद्ध झालें.

मग शंभर कागद जमिनीवर मिळकतीच्या क्रमानें मांडा. पन्नासावा व एक्कावन्नावा उचला, दोघांची निम्मी काढा. तें तुमचें मधलें घर. त्याबरोबर पंचविसावा आणि पंचाहत्तरावा कागदही टिपून ठेवा, म्हणजे खालच्या व वरच्या घरांत अंतर वाढतें कीं घटतें तें कळेल. मोजणीचें साल कसें होतें, पाऊस किती झाला, ज्वारीचा भाव काय होता, पुरुषाची व बाईची मजुरी काय होती, हें त्याच वहींत लिहा. पुढल्या सालीं पुन्हां त्याच रीतीनें मोजा, आणि शक्य असेल तर तींच घरें घ्या. त्यांतलें घर गांव सोडून गेलें तर तें का गेलें हें लिहा. नवें आलें तर नवें म्हणून लिहा. तीन सालांनीं तुमच्या हातीं असा कागद येईल कीं जो कोणत्याही कचेरींत दाखवितां येईल.

ह्यांत धोका एक आहे, तो सांगून ठेवतों. मोजणी निवडणुकीच्या माणसाच्या हातीं गेली तर तो आपल्या कारकीर्दींत मधलें घर वर चढलेलें दाखवील, आणि त्याचा विरोधक तें खालीं उतरलेलें दाखवील. म्हणून कागद मांडतांना दोन्ही बाजूंचीं माणसें समोर असावींत, बेरीज शाळेंतल्या मुलामुलींकडून पुन्हां तपासून घ्यावी, आणि आकडा आवडो न आवडो, तसाच लिहावा. आपल्या गांवचा मध्य शेजारच्या गांवाहून वर निघाला तर लाजूं नये, खालीं निघाला तर लपवूं नये. लपविलेल्या दुखण्याला कोणी वैद्य औषध देत नाहीं.

येत्या ग्रामसभेंत हा विषय कोणीतरी मांडावा, अशी आमची सर्वांस विनंति आहे. ठराव लहानच असावा: दरसाल गांवांतल्या मधल्या घराची मिळकत मोजावी, ती सालासह पंचायतीच्या फळ्यावर लिहावी, आणि तालुक्याचा असाच आकडा सरकारनें प्रसिद्ध करावा अशी मागणी त्याबरोबर पाठवावी. पुढें कोणी गांवांत येऊन सुबत्ता झाली म्हणून सांगूं लागला, किंवा सत्यानाश झाला म्हणून सांगूं लागला, तर त्याला त्या फळ्यापुढें उभें करावें आणि आमच्या मधल्या घराविषयीं बोल म्हणावें.